डाव्या डोळ्याचा आलेख

पन्नाशीनंतर मी मानसशास्त्रात एम.ए.ला नाव घातलं. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. माणसाला किती दिसतं हे अंशांत मोजता येतं, एवढ्यावरच मी खूश होतो.

प्रात्यक्षिकात माझी जोडीदार माझ्या मुलीच्या वयाची होती. प्रयोग होता नजर न हलवता कडेचं कुठवर दिसतं ते मोजण्याचा. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर रोखायची. ती अर्धगोल पट्टीवरून लाल टिकली कडेकडून आत सरकवी. दिसली की मी ‘दिसली’ म्हणायचं, तिने अंश लिहायचे. उजव्या डोळ्याचं ठीक झालं. डाव्याच्या वेळी टिकली जवळजवळ नाकासमोर आली तरी मी गप्पच.

“काका, झोपले का? पट्टी संपून राहिली!”

वर्ग हसला.

आमच्याकडे पुस्तकातला आलेख सगळ्यांना पाठ असे. त्याला जुळेल तिथेच जो तो ‘दिसली’ म्हणे. त्यामुळे विभागात सगळ्यांचे डोळे वर्षानुवर्षं एकसारखे निघत. ती मुलगी कुजबुजली, “नव्वदच्या जवळपास बोलून द्या न. कोण पाहून राहिलं?” मला दिसलं तिथेच मी बोललो.

सरांनी माझ्या आलेखावर लाल काट मारली आणि लिहिलं, ‘लक्ष नाही.’ प्रयोग पुन्हा केला. आकडे तेच आले.

“काका, या वयात एकाग्रता राहत नाही. घरी टीव्ही पाहायचा सोडून इथे कशाला?”

सरांचं मला पटलं. रोज सकाळी भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत मी एकाग्रतेचा सराव करू लागलो. त्याच दिवसांत जरीपटका भागातल्या बाजारात माझी स्कूटर डावीकडच्या हातगाडीला धडकली.

“काहून बे, आंधळा हाय का? येवढी मोठी गाडी दिसून नाही राहिली?”

लक्ष नव्हतं, असं मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, मग त्या भिंतीकडे काय पाहता रोज?”

परीक्षेत एक प्रश्न आला: दृष्टीचा भाग गेला तरी माणसाला ते का कळत नाही? तिथे काळोख दिसत नाही, मेंदू ती जागा आजूबाजूच्या दृश्याने भरून काढतो, असं मी सविस्तर लिहिलं. चांगले गुण मिळाले.

पुढे चष्म्याचा नंबर काढायला गेलो. डॉक्टरांनी तसल्याच एका यंत्रासमोर बसवलं आणि कागद छापून निघाला. तो आकार मी लगेच ओळखला.

“काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. आधी आला असता तर बरीच वाचली असती. काहीच जाणवलं नाही?”

“मोजलं होतं,” मी म्हणालो.

तो कागद सरांना दाखवला. त्यांनी माझा काट मारलेला आलेख कपाटातून काढून शेजारी धरला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा, तंतोतंत! काका, दर वर्षी नव्या बॅचसाठी येत जा. असा डोळा आम्हाला कुठून मिळणार?”

मी जातो. निदान मोजणी तरी होते. रस्त्यात बायको माझ्या डाव्या बाजूने चालते. नवी मुलं डाव्या डोळ्याचा आलेख काढतात आणि शेजारी, तुलनेसाठी, निरोगी उजव्याचा.

यंदा उजव्या आलेखाच्या कडेला खाच पडली. आलेख काढणाऱ्या मुलाने ती सरांना दाखवली.

“काका, लक्ष द्या हो,” सर म्हणाले आणि त्यांनी लाल पेनचं टोपण काढलं.