सोन्याची काच
स्पिरिटचा वास आला की अंबरनाथचं आमचं क्वार्टर आठवतं. वीसेक वर्षं झाली. आईची केमो चालू होती. आसपासच्या केमिकल कंपन्यांच्या वासाने तिला मळमळतं म्हणून खिडकी कायम बंद असायची. माझी पीएचडी चालली होती. लॅबमधली सोन्याचा पातळ थर दिलेली एक वापरलेली काच मी तिला दाखवायला आणली. तिला सांगितलं, "आम्ही चरबीच्या बारीक थेंबांत औषध भरतो. ते या सोन्यावर किती चिकटतात, ते प्रकाश टाकून कळतं." "म्हणजे तुझी आजी तुपातून औषध द्यायची, तसंच की! मग मला कधी देणार?" "अजून सगळं काचेवरच आहे गं, माणसांना द्यायला वेळ आहे." तिने काचेवरचे माझ्या बोटांचे ठसे स्पिरिटच्या कापसाने पुसले आणि काच बुद्धमूर्तीपाशी ठेवली. म्हणाली, "घाई करू नकोस. नीट कर." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. काच आता माझ्या टेबलावर असते. त्या औषधाच्या कामात मी आईचं ऐकलं, घाई केली नाही.