भिंतीपलीकडचे आभार

उदगीरच्या डॉक्टरीणबाईंनी माझा बीपी मोजला, दंडावरचा पट्टा सोडला आणि गोळ्या लिहून देण्याआधी विचारलं, दिवसभरात चांगलं काय झालं हे तुम्ही कधी आठवता का? मी म्हणाले, वाईट आठवून संपलं की आठवेन. त्या हसल्या नाहीत. रोज संध्याकाळी निवांत बसायचं, दिवस डोळ्यांपुढून न्यायचा आणि ज्याबद्दल आभार वाटतात ते लिहून काढायचं, असं त्यांनी सांगितलं. मी शाळेत दिवसभर पोरांच्या वह्या तपासते. घरी येऊन पुन्हा पेन धरायची माझी तयारी नव्हती. मग मोठ्यानं बोला, त्या म्हणाल्या, पण मनापासून.

संतपुरात आमच्या आणि थोरल्या दिरांच्या, म्हणजे अण्णांच्या, अंगणांमध्ये छातीएवढी एकच भिंत आहे. पलीकडे माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे, म्हणजे बोलणं चालू होतं तोवर. उन्हाळ्यात अंगण धुताना तिच्या हातातला मोटारीचा पाइप भिंतीवरून इकडं आला आणि माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांचा चिखल झाला. पाइप निसटला, असं ती म्हणाली. पाइपाला कुरडया कुठं आहेत ते बरं कळलं, असं मी म्हणाले. तेव्हापासून दोन्ही घरं गप्प. दोघे भाऊ मात्र सकाळी बसस्टँडवर एकत्र चहा पीत आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी येत. आम्हा दोघींना ते ठाऊक होतं.

दिवा लावून झाला की मी अंगणात बाजेवर बसू लागले. डोळे मिटून सुरुवात केली. सोयाबीनला फुलं आली, त्याबद्दल आभार. वर्गातल्या एका मुलीला अखेर भागाकार जमला, त्याबद्दल आभार. नवरा दारात उभा राहून ऐकत होता.

"हे कुणाला सांगायलीस?"

देवाला, मी म्हणाले. देव तर आत आहे, मग तू बाहेर कशाला, असं त्याचं म्हणणं. मी डोळे उघडले नाहीत.

काही दिवसांतच माझा माल संपला. रोज नवीन चांगलं आणायचं कुठून? विचार करत बसले होते, तेवढ्यात लक्षात आलं की भिंतीपलीकडे भांडी घासण्याचा आवाज थांबलाय. मी गप्प झाले की तो सुरू व्हायचा, बोलू लागले की थांबायचा. मग मला सुचलं.

"देवा, माझ्या कुरडया भिजल्या ते लई बरं झालं," मी जरा आवाज चढवून म्हणाले. "डॉक्टरनी तळलेलं बंदच केलंय. ज्यानं कुणी भिजवल्या, त्याचं भलं कर."

 पलीकडं पातेलं असं खरवडलं गेलं की त्याची कल्हई राहिली नसेल.

दुसऱ्या दिवशी मी बाजेवर टेकते न टेकते तोच पलीकडून खाकरण्याचा आवाज आला.

"महादेवा, तुझे उपकार. शेजारीण शिकल्याली दिलीस. तिला घरात काम कमी म्हणून आमच्या कानावर देवाचं नाव पडायलंय."

मला राग यायला हवा होता. पण मी रात्री भाकरी थापताना मनाशी हसत होते आणि उद्याचं उत्तर जुळवत होते.

तिथून ते रोजचंच झालं. तिची डाळ करपल्याचा वास आला म्हणून माझा गॅस वेळेवर बंद झाला, असे मी आभार मानले. माझी स्कूटी चालू व्हायला इतका वेळ घेते की घरात गजर लावावा लागत नाही, असे तिने मानले. शिवी नाही, टोमणाही उघडा नाही. प्रत्येक वाक्यात आभार हवेतच. दोघे भाऊ आता आमच्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसू लागले. लपूनछपून भेटण्याची गरजच उरली नव्हती.

पण चांगला टोमणा मारायचा तर माणसावर नीट लक्ष ठेवावं लागतं. तसं ठेवता ठेवता एका रविवारी खिडकीतून दिसलं, की भरदुपारी अक्का भिंतीवरून हात लांबवून पाइपानं माझ्या जास्वंदीला पाणी घालतेय. मी शाळेत असते तेव्हा त्या कुंड्या ओल्या कशा राहतात, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. संध्याकाळी मी म्हणाले, "देवा, माझ्या जास्वंदीला कुणीतरी पाणी घालतंय. म्हणजे पाइप नीट धरता येतो म्हणायचा." पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला, पण नंतर ती खोकली. खोकलाच होता, असं तिचं आजही म्हणणं आहे.

मग एका संध्याकाळी पलीकडून काहीच आलं नाही. मी तिच्या लोणच्याबद्दल चांगला मुद्दा काढला होता. तो तसाच पडून राहिला. दिवाही नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो जमिनीकडं बघत म्हणाला, सकाळीच अण्णा तिला घेऊन बिदरला गेलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तुला सांगू नको म्हणाली.

"कामून?"

"तू येशील म्हणून."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि बिदर गाठलं.

दवाखान्यात बायकांची खोली होती. खाटांवर ओळीनं एकेका डोळ्याला हिरवी पट्टी लावलेल्या बायका. मला बघताच दीर चहा आणायला म्हणून निघून गेले. अक्काचा दुसरा डोळाही धूसरच. कुणीतरी पायाशी उभं आहे एवढंच तिला दिसलं. कोण हाय, तिनं विचारलं. नाव सांगता आलं असतं. मी हात जोडले.

"देवा, उपकार झाले. हिच्या डोळ्याला पट्टी बांधलीस. आता चार दिवस माझ्या अंगणात सुख."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून माझ्याकडं बघू लागली. अक्काचा चेहरा हलला नाही. तिनंही हात जोडले.

"महादेवा, डोळा झाकलास. कानबी झाकला असतास तर पूर्ण उपकार झाले असते."

मग तिनं पाय आखडून जागा केली. "बस. उभी कामून हाईस."

मी बसले आणि मला सांगितलं का नाही, असं विचारलं. तिनं चादर चाचपून सारखी केली.

"भ्यालते मी. आन् डॉक्टरनी सांगितलं होतं, डोकं हलवायचं न्हाई. तू आली असतीस तर हसवलं असतंस."

 तिचा हात जवळच होता, तो मी धरला. तिनं सोडवून घेतला नाही.

म्हातारीनं कानडीत विचारलं, ही कसली पूजा? आमच्याकडं रोज असते, अक्कानं गंभीरपणे सांगितलं. देवाला दिवसातलं चांगलं सांगायचं. म्हातारीनं विचार केला, हात जोडले आणि देवाला सांगितलं, की सून कालपासून फिरकली नाही, फार निवांत वाटतंय. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी आपल्या नवऱ्याच्या घोरण्यातून सुटका झाल्याबद्दल उपकार मानले. खोलीभर हसू पसरलं. नर्स धावत आली, डोळ्यांवर ताण येतो म्हणून सगळ्यांना दटावलं आणि याचं मूळ मी आहे हे कळताच मला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर दीर चहाचे पेले धरून बसले होते. आतून पुन्हा दबका गोंगाट ऐकू आला तसे ते घाबरून उठले.

"लई दुखायलंय का तिला?"

"न्हाई," मी म्हणाले आणि एक पेला उचलला. "आभार मानायल्यात."