दुखतंय म्हणायचं नाही

एकोणीसशे तिसाच्या आसपासचं साल असेल. रत्नागिरीत देवीची साथ आली ती शिमग्याच्या तोंडावर, आणि आमच्या घरात येऊन तीन आठवडे ठाण मांडून बसली. मी अकरा वर्षांची, धाकटी बहीण सहाची. मला लहानपणी देवी टोचल्या होत्या, दंडावर वण अजून आहे. तिला टोचायची वेळ आली तेव्हा ती मालगुंडला आजोळी होती, म्हणून राहिलं, आणि मग राहिलंच. आमच्याकडे महत्त्वाच्या गोष्टी राहतात त्या अशाच.

वडील मुंबईला नोकरीत. आई बाळंतपणासाठी मालगुंडला गेलेली. घर आत्याच्या हातात. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, विधवा, कामाला वाघ. तिच्याविषयी वाईट लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, बघू कितपत जमतं.

बहिणीच्या अंगावर फोड दिसले आणि घराचे कायदे बदलले. दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, मासे बंद, केसांना तेल नाही, फणी नाही, कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. पेज खायची, पाणी उकळून प्यायचं आणि धडधाकट राहायचं. बहिणीशी बोलताना 'अहो' म्हणायचं, कारण तिच्या अंगात देवी. सकाळ-संध्याकाळ तिच्या अंथरुणाशी हात जोडून 'कृपा आहे' म्हणायचं. आणि तक्रार करायची नाही. देवी पाहुणी आहे, पाहुणीदेखत कुरकुर केली तर ती रागावते आणि जाताना डोळे घेऊन जाते. हे नुसतं भीती घालणं नव्हतं. आळीतले एक गृहस्थ देवीतच आंधळे झालेले, काठी आपटत देवळात जायचे. आत्या रोज त्यांचं उदाहरण द्यायची. बहिणीचे डोळे वाचावेत म्हणून त्या बाईने तीन आठवडे मीठसुद्धा सोडलं होतं, हे खरं आहे.

पण मी वैतागले होते. मला काही झालेलं नव्हतं, तरी मी कोंडलेली. डोक्यात उवा वळवळत होत्या आणि फणीला हात लावायची चोरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात शिमगा. एरवी ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात यायची, नाचायची, आत्या ओटी भरायची. त्या वर्षी ढोल वाजत आमच्या बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत आले, डहाळा बघून थांबले आणि पुढे गेले. मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते. तोंडातून निघून गेलं, की मला या घराचा वीट आलाय, ही देवी जाते कधी एकदाची.

आत्याने ऐकलं. मला देव्हाऱ्यासमोर नाक घासायला लावलं, दुपारची पेज दिली नाही आणि बजावलं, की आता पोरीच्या डोळ्यांना काही झालं तर ते तुझ्या जिभेमुळे.

मी तशीच धुमसत बहिणीजवळ जाऊन बसले. तिच्या अंगावर कडुनिंबाच्या पाल्याने वारा घालणं हे माझं काम. तिचे डोळे सुजून मिटलेले होते. ती म्हणाली, "ताई, डाव्या डोळ्यात खुपतंय गो."

"दुखतंय म्हणायचं नाही," मी म्हटलं. "कृपा आहे म्हणायचं. नाहीतर देवी दोन्ही डोळे नेईल."

मी 'अहो' म्हटलं नव्हतं. जी चीड आत्यावर काढता येत नव्हती, ती सहा वर्षांच्या आजारी पोरीवर काढली. तिने ते ऐकलं. त्यानंतर आत्या कितीदा तरी विचारायची, बरं वाटतंय का, आणि ती म्हणायची, कृपा आहे. आत्या हरखून जायची. पोर देवीच्या मर्जीतली आहे, मोठीने हिच्याकडून शिकावं, असं मला ऐकवायची.

वडिलांना कार्ड मी लिहायची, मजकूर आत्या सांगायची. येथील सर्व मंडळी खुशाल, धाकटीला जरा ताप होता, उतरतो आहे. देवीचं नाव काढायचं नाही. वडील असते तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टर आणला असता, हे मला ठाऊक होतं. माझ्या हातात टाक होता, एक ओळ जास्त लिहिता आली असती. नाकाची साल अजून निघालेली होती, मी लिहिली नाही.

खपल्या पडल्या, आत्याने परसात जांभ्याच्या चिऱ्यावर बसवून तिला न्हाण घातलं, देवीची पाठवणी झाली. बहिणीने उन्हात डोळे उघडले. डाव्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलेलं होतं, त्याने दिसत नव्हतं.

मग डॉक्टर आणला. त्यांनी डोळा बघितला आणि विचारलं, मुलगी काही बोलली कशी नाही? यात खुपलं असणार, वेळेवर कळलं असतं तर औषध घालून बघितलं असतं. आत्या पदर डोळ्याला लावून म्हणाली, "कधी कुरकुर केली नाही हो तिने. फार गुणाची."

मी तिथेच उभी होते, आणि मीही काही बोलले नाही. उजवा डोळा वाचला म्हणून आत्याने संध्याकाळी पाच नारळ फोडले.

आता आत्या नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. बहिणीची पत्रं येतात, सर्व खुशाल. मागच्या खेपेला तिच्याकडे गेले तर उजवा डोळा लालबुंद, पाणी गळतंय, आणि बाई तांदूळ निवडत बसलेल्या. विचारलं तर म्हणे, बरी आहे. माझा संताप झाला. तिचं सूप ओढून घेतलं आणि म्हटलं, दुखतंय तर दुखतंय म्हण ना एकदा.

ती हसली. "आत्याने शिकवलंय ना," ती म्हणाली, "दुखतंय म्हणायचं नाही."

तिला आत्याच आठवते. मी गाडी बोलावून तिला डॉक्टरकडे नेलं. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. पण तिने माझा हात धरला होता, आणि मी सांगितलं नाही.