शिक्क्याशिवायची तपासणी

नागेश मेस्त्री बोटांची पेरं वाजवून भिंतीतली ओल ओळखायचा. बाजारात नारळ वाजवून घेतात तसं. वाजवायचा, कान लावायचा, वीतभर पुढे सरकायचा. खिशात मीटर असायचं, ते मागाहून लावायचा. म्हणायचा, "यंत्राचा पण मान राखूया, वैनी."

वेंगुर्ल्याकडचा, पिढीजात सुतार. बारा वर्षं तो इथे आखातात, अल कुसैसच्या एका वर्कशॉपमध्ये कॅराव्हॅन दुरुस्त करत होता. कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली; आत पलंग, शेगडी, इवलीशी मोरी. थंडीत इथली हौशी कुटुंबं ती घेऊन वाळवंटात मुक्कामाला जातात. आम्हीही एक नवी घेतली होती. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटखाली एवढं धूड कुठे ठेवणार, म्हणून भाड्याच्या यार्डात उभी असे. आत पाणी शिरणार नाही याची कंपनीने सहा वर्षांची हमी दिली होती. अट एकच. दर वर्षी कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, जिथे नागेश होता, ओल तपासून पुस्तकात शिक्का घ्यायचा.

पहिल्या वर्षी आम्ही शिक्का घेतला. तेव्हाच नागेशने माझं बोलणं ऐकून विचारलं, "तुम्ही रत्नागिरीच्या काय?" झालं. तो आपला माणूस झाला.

दुसऱ्या वर्षी मी म्हटलं, "नागेशभाऊ, शिक्क्याचे सहाशे दिरहॅम म्हणजे चौदा हजार रुपये होतात. त्यापेक्षा रविवारी तुम्हीच यार्डात या. मग घरी जेवायला चला, बांगड्याचं तिखलं करते."

तो घुटमळला. "बाहेरचं काम आम्हाला चालत नाही, वैनी. व्हिसा कंपनीचा असतो."

"काम कसलं त्यात? जेवायला येताय, जाता जाता बघायचं."

तो आला. सगळं वाजवून बघितलं आणि पुस्तकात सही केली. त्या वेळचे मॅनेजर अक्रमभाई नियमांपेक्षा माणसं ओळखणारे होते. त्यांनी नुसती सही बघून पुस्तक मिटलं. "नागेश ने देखा? खलास."

मग आमची कॅराव्हॅन बनवणारी कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्या मोठीने आधीच आणखी दोन गिळल्या होत्या. आम्हाला एक ईमेल आला, 'आता अधिक चांगली सेवा' वगैरे. खरं काय झालं ते तिखल्याच्या ताटावर नागेशनेच सांगितलं. "तिन्ही नावांच्या गाड्या आता एकाच कारखान्यात बनणार. कपाटाची बिजागरी तीच, स्टिकर तेवढा वेगळा. आणि तुमच्या खिडकीचं रबर बनवणं त्यांनी बंद केलं." अक्रमभाई सोडून गेले होते. दोन वर्कशॉपचं एक होणार होतं. अकरा कारागिरांतले पाच राहणार, नावं जूनमध्ये ठरणार. नागेशची मुलगी रुपाली नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. त्याला आणखी दोन वर्षं हवी होती, फक्त दोन.

"यंदा तेवढी तपासणी वर्कशॉपमध्येच करा, वैनी. नवीन लोक कागद बघतात."

मी म्हटलं, "बघू." आणि त्याच्याकडूनच सही घेतली.

जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला आणि खिडकीखालचं प्लायवूड फुगलं. आम्ही हमीचा दावा केला. नवीन कंपनीची झुबेदा नावाची अधिकारी पुस्तक चाळत होती. नागेशला अहवाल द्यायला बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता, मी आणि माझा नवरा सूर्यकांत खुर्चीत.

"मॅडम, पहले साल का स्टॅम्प है. बाद में दो साल सिर्फ साइन. ये साइन किसकी है?"

नागेशने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर दावा बुडाला असता, इतकंच. पण मला वाटलं, आपली बाजू भक्कम आहे.

"आप ही के आदमी की," मी जवळजवळ अभिमानाने म्हटलं. "ये नागेश. हर साल छुट्टी के दिन आकर चेक करते हैं."

झुबेदाने पेन खाली ठेवलं. "छुट्टी के दिन? बाहर?"

टेबलाखाली सूर्यकांतने माझा पाय दाबला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. "पैसे नहीं लिये," मी घाईने म्हटलं, "सिर्फ खाना खाया." ते माझं मलाच कसंतरी वाटलं.

"हां मॅडम," नागेश म्हणाला, "साइन मेरी है." मी आग्रह केला होता, हे तो बोलला नाही. मीही नाही.

परतताना सूर्यकांत गाडी चालवत होता. सिग्नलला म्हणाला, "तू तिथे कुणाची बाजू मांडत होतीस? त्याची की गाडीची?"

घरी आमच्या लेकीने, मैथिलीने विचारलं, "डिड अंकल गेट इनटू ट्रबल बिकॉज ऑफ अस?" मी तिला दूध दिलं.

शिक्के नसल्याने दावा फेटाळला गेला. आठवड्याने मी झुबेदाला पत्र लिहिलं: आग्रह माझा होता, त्याने आधी नाही म्हटलं होतं. दोन ओळींचं उत्तर आलं, नोंद घेतली म्हणून. राहणाऱ्या पाच जणांच्या जूनच्या यादीत नागेशचं नाव नव्हतं. कारण कुणीच सांगितलं नाही. "माझं वय पण झालंय, वैनी," तो फोनवर म्हणाला. ते वाक्य मी किती घट्ट धरून ठेवलं, याचीही मला लाज वाटते.

त्याच्या शेवटच्या दिवशी डबा घेऊन वर्कशॉपवर गेले. त्याने वासानेच ओळखलं. "तिखलं? नको. आता मी पावतीशिवाय काही घेत नाही." आणि हसला. खरंच हसला. मी डबा परत पिशवीत ठेवला.

मग तो मला बाजूच्या एका कॅराव्हॅनपाशी घेऊन गेला. "हे असं वाजवायचं. कोरडं टणक बोलतं, ओलं पडल्या आवाजात बोलतं. आवाज बदलला की शिक्का मारणाऱ्याकडे न्यायची. ओळखीच्या माणसाकडे नाही."

तो गावी गेला त्याला आता चार महिने झाले. परवा यार्डात जाऊन मी आमच्या खिडकीपासून दारापर्यंत पेरं वाजवत गेले. ओल कुठवर सरकलीय ते मला कळलं नाही. सगळीकडे सारखाच आवाज येत होता.