हेदवीतली दिल्ली

हेदवीत ज्याला दिल्ली बघायची असेल त्याने भिकाजीच्या पडवीत जाऊन बसावं, असा त्या काळी रिवाज पडून गेला होता. त्यात बोटीतल्या ओकाऱ्या नाहीत, आगगाडीत डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी नाही, आणि वर कोरा चहा. साहेबाला नवी राजधानी बांधायला वीस वर्षं लागली. भिकाजी ती एक सुपारी कातरून होईपर्यंत बांधून मोकळा व्हायचा.

गुहागरच्या बाजाराला निघालेला माणूससुद्धा त्याच्या पडवीशी थांबून दिल्लीची चौकशी करी. न जाणो, कधी जाण्याचा योग आला तर! मग भिकाजी मांडी बदलून सांगायला लागे. लाल किल्ल्यात सकाळच्या उन्हात शिरावं, म्हणजे दगड पेटल्यासारखा दिसतो. जुम्मा मशिदीच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबू नये, थांबलेल्या माणसाला खालून येणारी गर्दी पुन्हा वर चढू देत नाही. कुतुबाच्या खांबाकडे मान वर करून बघताना टोपी हाताने धरावी. चांदणी चौकात जिलबी घ्यावी ती कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडची, दुसऱ्या कोणाकडची नाही. तो म्हातारा मुंबईकडचा माणूस दिसला की एक वेढा जास्त घालतो. तूप बघून घ्यावं, दूध उभ्याने प्यावं, आणि गाजर मात्र सोडू नये. दिल्लीचं गाजर लालभडक असतं आणि तोंडात घातलं की विरघळतं.

या सगळ्यात गाजर तेवढं खरं होतं.

भिकाजी तरुणपणी गलबतावर रांधायचा. नवी दिल्ली सुरू होण्याचा सोहळा ठरला, तेव्हा गुहागरचे नारळ-सुपारीचे व्यापारी दादूशेट यांना तो बघायची हौस आली. हौस मोठी होती, पण शेटचं पोट हट्टी. उकड्या तांदळाचा भात आणि आमसुलाचं सार नसेल तर ते पोट दोन दिवसांत संप करी. तेव्हा शेटनी तांदूळ, आमसुलं, सोडे आणि भिकाजी असा शिधा बरोबर घेतला. शेट रोज दिल्ली बघून यायचे आणि भिकाजी रोज मुंबईच्या एका अडत्याच्या बिऱ्हाडात त्यांच्यासाठी भात शिजवायचा. शेजारच्या बंगल्याचा खानसामा भिंतीवरून गप्पा मारी. त्याची निम्मी भाषा भिकाजीला कळायची आणि उरलेली निम्मी तो स्वतः भरून काढायचा. पुढे पडवीत उभी राहिलेली दिल्ली ती हीच.

एकदा शेटनी त्याला कोथिंबीर आणायला बाहेर धाडलं आणि तो वाट चुकला. आता आपल्याकडे वाट चुकली म्हणून कोणी घाबरत नाही. उताराने खाली यायचं, पाणी लागलं की त्याच्या कडेने चालायचं. वहाळ खाडीला जातो, खाडी बंदराला, आणि बंदरावर ओळखीचं कोणीतरी भेटतंच. भिकाजीने तेच केलं. उताराने आला तो यमुनेवर, आणि पाणी वाहतंय तिकडे तो निवांतपणे चालत सुटला. दिल्ली मागे राहिली, दुपार मागे राहिली, पण बंदर काही येईना. शेवटी गाजरं उपटणाऱ्या एका शेतकऱ्याने हा माणूस समुद्राच्या शोधात निघालाय हे ओळखलं, त्याला पोटभर गाजरं चारली आणि बैलगाडीत घालून परत आणून सोडलं. समुद्र दिल्लीपासून किती लांब आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या गावाला समुद्र नाही अशा गावाला कोणी राजधानी कशी करील, हे त्याला अजूनही पटलेलं नव्हतं. शेटनी त्यानंतर त्याला फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पुढच्याच वर्षी शेट वारले, आणि भिकाजीच्या दिल्लीला साक्षीदार उरला नाही.

साक्षीदार नव्हता, पण एक भक्त होती. त्याची बायको सावित्री. पडवीत दिल्ली सुरू झाली की ती माजघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राही. इतक्या वर्षांत तिला ती पाठ झाली होती, भिकाजी किल्ल्याच्या आधी मशिदीत शिरला तर ती आतून म्हणायची, "आदी किल्ला." गुहागरच्या बाजारापलीकडे तिने काही बघितलं नव्हतं, आणि बघायचं होतं ते एकच. देवळातल्या दशभुजा गणपतीकडेही तिने तेच मागितलं होतं. दर वर्षी ती विचारी, "मला कदी न्याल?" आणि दर वर्षी भिकाजी म्हणे, "पुडच्या साली." पुढचं साल हे भिकाजीचं फार आवडतं साल होतं.

मग एका वर्षी त्याच्या भावकीतल्या धाकूने काशीयात्रा काढली. धाकू, त्याची म्हातारी आई गंगुबाई आणि आणखी तिघे पुरुष. परतताना मथुरा करायची आणि एक दिवस दिल्ली. सावित्रीने सुपारी सोलून गाठीला बांधलेलं सगळं धाकूच्या हातावर ठेवलं आणि मग नवऱ्याला सांगितलं. एरवी ती आधी विचारी.

गाव काय म्हणेल याची भिकाजीला फारशी फिकीर नव्हती. गाव चहा प्यायला यायचं, आणि चहा खरा होता. पण सावित्री ती दिल्ली घेऊन दिल्लीत उतरणार, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याकडे जाऊन जादा वेढा मागणार, आणि मग परत येऊन त्याच्याकडे बघणार. ते बघणं त्याला नको होतं.

"दादा, तुमी चला की," धाकू म्हणाला. "तुमच्यासारका वाटाड्या दुसरा कोन मिलनार?"

"माजा गुडगा," भिकाजी म्हणाला. गुडघ्याला आजवर काही झालेलं नव्हतं, पण त्या दिवसापासून भिकाजी लंगडायला लागला. "आनि एकदा बगितलेली दिल्ली मानसानं परत बगू नये. मजा जाते."

"मग चार गोष्टी तरी सांगा."

भिकाजीने चार सांगितल्या, त्यातली पहिली अशी: "सामान. दिल्लीचे चोर म्हंजे डोल्यातलं काजल नेतील. सगले एकदम फिरायला गेलात तर परत येऊन वलकटीला फडकंसुदा मिलनार नाय. धर्मशालेत एक मानूस बोचक्यांवर बसवाच." धाकूने मान हलवली. मग भिकाजी नुकतंच सुचल्यासारखं म्हणाला, "सावित्रीला बसवा. तिचा डोला तिकट हाये. आनि तिला दिल्ली सगली म्हाईतच हाये की."

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. घरी येताना त्याला जरा टोचलं, नाही असं नाही. वाटेत लंगडायचंही तो विसरला. पण बायकोच्या भल्यासाठीच आपण हे केलं अशी स्वतःची समजूत त्याने कुंपणाचं बेडं उघडून आत शिरेपर्यंत घालून टाकली. चालून चालून तिचे पाय दुखले असते.

जाण्याच्या दिवशी सावित्री नवं लुगडं नेसली. जयगडच्या बंदरावर होडीत बसताना तिने वळून त्याला विचारलं, "किल्ल्यात सकालीच जायाचं ना?"

"सकालीच," भिकाजी म्हणाला.

यात्रेकरू सुखरूप परतले, आणि रीतीप्रमाणे धाकूच्या घरापुढच्या खळ्यात मावंदं झालं. काशीचे गडू पुजले, गावजेवण घातलं. गंगुबाई शिणाने तापली होती, ती आत निजून. भिकाजी वाढपी झाला होता, कारण वाढप्याला कोणी बसवून प्रश्न विचारत नाही. पण भ्यायचं काही कारणच नव्हतं. धाकू आणि त्याचे तिघे सोबती एकाच टांग्यातून एकच किल्ला बघून आले होते, आणि गावात मात्र त्यांनी चार किल्ले आणले. एकाचा पांढरा होता, एकाच्या किल्ल्यात अजून बादशहा राहत होता. धाकूला दिल्लीतलं लक्षात राहिलं ते एवढंच, की तिथे भाताला कोणी विचारत नाही. या चौघांपुढे भिकाजी कधीच खोटा पडला नसता. सावित्रीनेही तिथे आपल्या मनातलाच किल्ला बघितला असता, तिला बोचक्यांवर बसवलं नसतं तरी चाललं असतं, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो कढी वाढत होता.

बायकांची पंगत मागच्या अंगणात बसली. सगळ्याजणी सावित्रीकडे वळल्या.

"काय बगितलंस गो वयनी?" शेजारच्या तुळसाने विचारलं.

भिकाजी पाण्याची कळशी घेऊन दाराच्या आड थांबला. सावित्रीने घास खाली ठेवला.

"किल्ल्यात आमी सकालीच गेलो," ती म्हणाली. "ऊन पडलं आनि दगड असा पेटल्यासारका."

मग ती मशिदीच्या पायऱ्या चढली, मध्ये न थांबता. कुतुबाच्या खांबाकडे तिने मान वर केली तेव्हा डोक्यावरचा पदर हाताने धरला. चांदणी चौकातल्या म्हाताऱ्याने तिला जिलबीचा वेढा जास्त घालून दिला. क्रम कुठे चुकला नाही. भिकाजीला जे सांगायला एक सुपारी लागायची ते तिने एका भाताच्या घासात सांगितलं, आणि त्याच्याहून बरं सांगितलं. बायकांचे हात पत्रावळीवर वाळले. भिकाजीला एकदम रडू आल्यासारखं झालं आणि तो पाणी न वाढताच परत फिरला.

तिसऱ्या प्रहरी घरी आल्यावर सावित्री पडवीत टेकली. भिकाजी तिच्यासमोर उभा राहिला. बसावं की नाही हे त्याला कळेना.

"झाली म्हंजे बगून," तो म्हणाला.

"कुटली? धर्मशालेत बोचक्यांवर बसलेली. ते सगले दिवसभर टांग्यातून फिरले, मी भिंतीकडं बगत. धाकूभाऊ म्हनाले, दादांनीच सांगितलंनी." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याने भिकाजी जास्तच घाबरला.

"मग बायकांना सांगितलंस ते?"

"दिल्लीला जाऊन बोचकी बगून आले, असं सांगू? तुमचंच सांगितलं. बरं जमलं. तुलसा तर जेवायची थांबली. कोनाला शंका आली नाय." ती पाय चेपायला लागली. "पन सांगता सांगता मला एक कललं. दिल्ली सांगायला दिल्ली बगायला लागत नाय."

भिकाजीने अडकित्ता उचलला आणि परत ठेवला.

सावित्री त्याच्याकडे बघत होती. "शेटनी तुमाला कुटं बसवलं होतं?" तिने विचारलं.

"चुलीपाशी," भिकाजी म्हणाला.