पाठमोऱ्या सिस्टर

आमच्या सिस्टर माणसाशी बोलायच्या आधी त्याच्याकडे पाठ फिरवायच्या. तोंड भिंतीकडे, हात सुयांच्या ट्रेमध्ये आणि मग प्रश्न. प्रश्नही कसले? "काल भाजी कोणती केली होती?" "सासुरवाडी कुठली?" एका पोक्त गृहस्थांना त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याचं नाव विचारलं होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई उद्धट आहे. दवाखान्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं तुम्हीही पाहिली असतील, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

मी बमरोलीला कापडाच्या कारखान्यात, लूम्सच्या खात्यात मास्तर आहे. माग बिघडला की तो चालू करून देणं हे माझं काम. आमच्याकडे कोणी फारसं बोलत नाही, कारण त्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो. ओठ, भुवया आणि बोटं यांवरच सगळा कारभार चालतो. पगारवाढीची मागणी असो की चहाची ऑर्डर, समोरचा काय म्हणणार हे आम्हाला आधीच कळतं. निदान तसा आमचा समज असतो.

टीबी झाला तेव्हा आधी नुसत्या गोळ्याच होत्या. त्यांनी मला कावीळ झाली. मग डॉक्टरांनी त्यातल्या काही थांबवल्या आणि लिव्हर सावरेपर्यंत दुसऱ्या गोळ्यांबरोबर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन चालू केलं. त्यासाठी रोज सकाळी डिंडोलीच्या दवाखान्यात जायचं. उघड्या ओसरीत आम्ही पेशंट बाकावर ओळीने बसायचो, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सिस्टरच्याही.

त्या शिरपूरकडच्या. मीही तिकडचाच हे कळल्यावर सरळ अहिराणीवर आल्या. "मास्तर, औषध चांगलं शे, पण तेनावर नजर ठेवनी पडस." किडनीसाठी रक्त तपासायला पाठवायच्या. पाणी भरपूर प्यायचं, अंग दुखलं तरी मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी घ्यायची नाही, हे रोजचं. आणि शेवटी, "कानमां शिटी वाजनी, चालताना झोक गया, तर मले सांगानं. लपाडानं नई."

मी मान डोलवायचो. कानात शिट्टी वाजतच होती. पण ज्याचं अर्धं आयुष्य लूम्समध्ये गेलं, त्याने कानातल्या शिट्टीची कसली तक्रार करायची? मी ती मशिनच्या नावावर टाकली. भिंतीला हात लावून चालायला लागलो, ते अशक्तपणाच्या नावावर टाकलं.

एका सकाळी माझी पाळी आली. सिस्टर पाठमोऱ्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं असं वाटलं, म्हणून मी गोळ्यांचं नेहमीचं उत्तर दिलं, "हो ताई, रोज दोन्ही वेळा." बाकावरची माणसं हसली. मग सगळी माझ्याकडे बघत थांबली, म्हणजे पुन्हा काही विचारलं असणार. मी म्हणालो, "झोपही चांगली लागते."

सिस्टर वळल्या. हातातलं भरलेलं इंजेक्शन त्यांनी ट्रेमध्ये ठेवलं आणि अगदी जवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या, "मास्तर, मी इचारं, तुमना घर उंट शे का?"

मला हसू आलं. त्या मात्र हसत नव्हत्या. "आज सुई नाही," म्हणाल्या. "आधी डॉक्टरकडे चला."

आता मात्र मी चिडलो. पेशंट आला नाही तर घरी जाऊन त्याची हजेरी घेणारी ही बाई, आणि आज स्वतःच औषध द्यायचं नाही म्हणते. मला खरोखर भीती वाटली होती. गोळ्या सोसल्या नाहीत, आता सुईही गेली तर आपलं काही खरं नाही, असं वाटलं.

"कान गेले तरी चालतील ताई, जीव राहू द्या," मी म्हणालो. "लूम्समध्ये कानाचं काय काम?"

"सांजले घर जातस ना तुम्ही?" त्या म्हणाल्या.

मी उठलो. त्या स्वतः डॉक्टरांच्या खोलीपर्यंत आल्या आणि माझं सगळं सांगून होईपर्यंत उभ्या राहिल्या. पाठ फिरवून विचारणं ही त्यांची कान तपासायची रीत होती, हे मला तिथे कळलं. मोठ्या दवाखान्यात कान तपासले. बारीक आवाज गेले होते. गेलेले परत येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले, पण आणखी सुया घेतल्या असत्या तर माणसांचं बोलणंही गेलं असतं. ते इंजेक्शन बंद झालं, औषधं बदलली, कावीळ उतरल्यावर जुन्यांपैकी काही गोळ्या जपून परत आल्या. कोर्स पुरा केला. टीबी गेला. रातकिडे आता मला ऐकू येत नाहीत, पण बायकोची हाक पलीकडच्या खोलीतूनही येते. न ऐकल्याचं सोंग करायची सोय राहिली नाही, एवढीच अडचण.

माझा कोर्स संपण्याआधीच सिस्टर रिटायर होऊन गावी गेल्या. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. नव्या सिस्टरही चांगल्या होत्या, पण मी त्या दिवशी बाकावर उगाच बसून राहिलो. आभार मानायचे राहून गेले होते आणि ते मला फार लागलं.

गेल्या हिवाळ्यात गावच्या लग्नाला निघालो होतो. उधना स्टेशनवर ही गर्दी. मागून एक बाई कोणाला तरी दटावत होती, "पिशवी तठे नको ठेवू." मी जागच्या जागी वळलो. समोर एक अनोळखी चेहरा, दात थोडे पुढे, हनुवटीवर गोंदण. मास्कमुळे तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता.

"ताई, मी मास्तर."

त्यांनी ओळखलं नाही. त्यांनी तरी माझा चेहरा कुठे पाहिला होता? सुई देताना जे रोज पाहिलं होतं, ते फलाटावर दाखवण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, "बमरोलीचा, लूम्सवाला. तुम्ही ज्याची सुई थांबवली तो." मग त्यांनी माझा हात धरला आणि पहिली चौकशी केली ती कानांची. "आते आयकू येस का?"

"तुमचा आवाज आला ताई," मी म्हणालो, "म्हणून तर वळलो."