वाळू धुतली तो रविवार

जळगावच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत उखर्डू नावाचा परिचर होता. पारोळ्याकडचा, चौथीपर्यंत शिकलेला. नऊ वर्षं हंगामी. त्या विभागाचे प्रमुख माझे यजमान, आणि मी प्रात्यक्षिकं घेत असे.

१९६९च्या दिवाळीनंतर यांनी ठरवलं, सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात समुद्रातले जिवंत मासे दाखवायचे. समुद्राचं पाणी मुंबईहून रेल्वेने काचेच्या बुधल्यांतून आलं. हे उखर्डूला म्हणाले, "टाकी नीट उभी कर. तुझा कायम करण्याचा कागद मी स्वतः पुढे पाठवतो."

२४ नोव्हेंबरला त्याने टाकीच्या तळाशी भोकं पाडलेली पत्र्यासारखी जाळी बसवली, वर वाळू घातली, हवेचा पंप लावला आणि आत चिमूटभर सुकट टाकली.

"मासे नाहीत आणि खाणं कुणाला?" मी विचारलं.

"पानीले, बाई. आधी पानी जेवाले शिकी, मंग मासा."

सुकट कुजली की पाण्यात अमोनिया होतो, तो माशांना विष. पण वाळूवर हळूहळू सूक्ष्म जंतू धरतात आणि तेच तो संपवतात. रोज सकाळी उखर्डू परीक्षानळीत पाणी घेऊन अमोनिया दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकायचा, आणि रंग मी माझ्या वहीत टिपायची. पहिल्या आठवड्यात पिवळा. १२ डिसेंबरला कोऱ्या चहासारखा. माझा धीर सुटला; त्याचा नाही. ५ जानेवारीला नळी स्वच्छ राहिली, तेव्हा तो ती खिडकीपाशी धरून कितीतरी वेळ उभा होता. वाळूवर मात्र तपकिरी, बुळबुळीत थर आला होता.

चार पट्टेरी मासे आले आणि पंधरा दिवस छान राहिले.

२५ जानेवारी, रविवार. देणगी देणारे कांतीलालशेठ दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला यायचे होते. हे टाकीपाशी वाकले. "पाहुण्यांपुढे ही घाण? सगळी वाळू काढ आणि गरम पाण्याने धू."

"सर, हाई घान नही शे. हाईच पानी साफ करस. धोयी तं मासा मरी जातीन."

"आता तू मला प्राणिशास्त्र शिकवणार? दिवाळीला घर धुतोस ना? तसं धू."

मी चार हात अंतरावर उभी होते. उखर्डूने माझ्याकडे पाहिलं. मग बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी वाळू मोत्यासारखी चमकत होती. शेठजी खूश झाले. मंगळवारी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. नळी पुन्हा चहासारखी. उखर्डूने बुधल्यांत उरलेलं पाणी घालून टाकीतलं पाणी बदलून पाहिलं, पुरलं नाही. गुरुवारी चौथा मासा मेला.

शेठजींनी कॉलेजात विचारणा केली. चौकशी समिती नेमली गेली. यांनी लिहून दिलं : परिचराने परवानगीशिवाय वाळू धुतली.

हे मला उखर्डूकडूनच कळलं. तो घरी आला. "बाई, तुमनी वहीमा लिखेल शे ना? तेवढं दखाडा समितीले."

लिहिलेलं होतंच. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. एकही दिवस मी कोरा सोडलेला नव्हता. त्या रविवारचे यांचे शब्द जसेच्या तसे होते. उखर्डू यायच्या आदल्याच दिवशी यांनी वही मागून नेली होती. "रंगांचे आकडे हवेत समितीला," म्हणाले होते. मला बरंच वाटलं होतं. वही टेबलावर परत आलेली होती. मी त्याच्यासमोर ती उघडली. चोवीस जानेवारीनंतर सव्वीस. मधलं पान शिवणीपाशी ब्लेडने कापलेलं, इतक्या सफाईने की धागाही सैल झाला नव्हता. माझंच प्रयोगशाळेतलं ब्लेड हे वापरत.

उखर्डूने त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"पान गयं ते गयं," तो म्हणाला. "तुम्ही तं व्हतात ना तठे?"

मी म्हणाले, "बसा, उखर्डूभाऊ, चहा टाकते," आणि आत गेले. स्टोव्ह पेटवला. दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. वहीवर प्रयोगशाळेच्या किल्ल्या ठेवलेल्या होत्या.

समितीने मला बोलावलं नाही. मीही गेले नाही.